नाव कोणाचे ठेवावे?

मराठी भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन क्रियांमध्ये एका मात्रेचेच काय ते अंतर आहे. पहिली क्रिया बारशाच्या दिवशी एकदा होऊन जाते; दुसरी जन्मभर चालू राहते. मुलांच्या नावांच्या बाबतीत तर पहिली पुरी होण्याच्या आतच दुसरीस प्रारंभ होतो. पणतवंडाचे नाव विवान किंवा कियारा ठेवले असे कळताच घरातील वृद्ध मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आणि त्याच वृद्धांचे पांडुरंग किंवा द्वारकाबाई हे नाव चारचौघांत उच्चारताना तरुण मंडळी किंचित ओशाळतात. हा उभयपक्षी उपहास पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. बाजारभाव, करवाढ आणि निवडणुका यांच्या गर्दीत असल्या विषयावर अग्रलेखाची जागा कशाला खर्च करावी, असे आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी म्हणतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, पेढीच्या नावाला बाजारात किंमत असते हे ज्यास ठाऊक आहे, त्याने माणसाच्या नावाची किंमत कोणी ठरवली व कोणाची पाडली, हा हिशेब एकदा तरी तपासून पाहिला पाहिजे.

हा हिशेब तपासण्याचे साधन प्रत्येक मराठी माणसाच्या घरी आहे. आमच्याकडे स्वतःचे नाव, मग बापाचे नाव व शेवटी आडनाव अशी लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे आमच्या प्रत्येक नावाच्या ओळीत दोन पिढ्यांची अभिरुची शेजारी शेजारी बसलेली असते. ठाणे शहराच्या उत्तरेस, जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे जाताना, कशेळीच्या पुलाअलीकडे बाळकुम हे गाव लागते. मूळचे आगरी-कोळी वस्तीचे हे गाव आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असून जुन्या गावठाणाच्या भोवताली वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा गावात देवळातील देणगीदारांची पाटी, लग्नाची पत्रिका, मतदारांची यादी किंवा नाक्यावर टांगलेला वाढदिवसाचा फलक लक्ष देऊन वाचावा. नागू, धाकू, हिराजी, जनाबाई ही पणज्यांची नावे. काशिनाथ, हरिश्चंद्र, मंजुळा ही आज्यांची. सुनील, संतोष, संगीता ही बापाच्या पिढीची. आणि आर्यन, वेदांत, स्वरा, आरोही ही शाळेत जाणाऱ्यांची. ठाणे-कल्याण पट्टीतील अशा गावांत पाटील, भोईर, म्हात्रे, ठाकूर ही आडनावे इतकी दाट आहेत की, माणूस ओळखण्याचा सगळा भार पहिल्या दोन नावांवरच पडतो. आडनाव एका जागी ठाम उभे, आणि त्याच्या पुढची नावे मात्र दर पंचवीस-तीस वर्षांनी बदलत गेलेली, असा हा देखावा आहे.

‘पूर्वीची नावे कशी अर्थपूर्ण होती’ असे म्हणणाऱ्यांनी पूर्वी म्हणजे केव्हा हे आधी सांगावे. हेच ठाणे एके काळी श्रीस्थानक या नावाने शिलाहार राजांची राजधानी होते. त्या राजांची नावे ताम्रपटांत व शिलालेखांत शाबूत आहेत : कपर्दी, पुल्लशक्ती, वप्पुवन्न, झंझ, गोग्गी, वज्जड, छित्तराज, मुम्मुणी. शके ९८२ म्हणजे सन १०६० मधील अंबरनाथच्या शिवालयाचा शिलालेख याच मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतला. आज त्या देवळात महाशिवरात्रीस लक्षावधी लोक जातात. परंतु त्यांतील एकानेही आपल्या मुलाचे नाव मुम्मुणी ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुढे त्याच घराण्यात अनंतदेव, अपरादित्य, हरिपालदेव, मल्लिकार्जुन अशी संस्कृत वळणाची नावे येऊ लागली. म्हणजे आजोबांची नावे गावंढळ वाटून नातवांची नावे संस्कृत ठेवण्याची हौस नऊशे वर्षांपूर्वी राजवाड्यातही होती. तेराव्या शतकातील महानुभावांच्या ग्रंथांत बाइसा, महदाइसा अशा नावांच्या स्त्रिया भेटतात. तो ‘आइसा’ हा आदरार्थी शेपूट कोठे गेला? त्याच्या जागी ‘बाई’ आली, आणि आता ‘बाई’ही माघार घेत आहे.

शुद्ध स्वदेशी नावांचा अभिमान धरणाऱ्यांसही इतिहास थोडा नम्र करील. अहमदनगरच्या शहा शरीफ या पीराच्या कृपेने पुत्र झाले म्हणून मालोजी राजे भोसले यांनी एकाचे नाव शहाजी व दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, अशी बखरींतून चालत आलेली हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या घराण्याने स्वराज्य स्थापिले त्या घराण्यातील हे नाव. दौलतराव, हैबतराव, सुलतानजी, सर्जेराव ही नावे फारसीच्या घरची असून मराठमोळ्या घरांत ती इतकी मुरली की, आज ती परकी आहेत असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. नाव कोठून आले हे दोन पिढ्यांत विसरले जाते. ते कोणी धारण केले हेच उरते. तेव्हा आजच्या एखाद्या नव्या नावाचा उगम कोणत्या भाषेत आहे एवढ्यावरून त्यास देशद्रोही ठरविण्याची घाई करू नये.

जुन्या काळी नावांचा खजिना लहान होता याचे एक कारण, नाव हे घराण्याचे धन समजले जाई. आजोबांचे नाव नातवास द्यावयाचे, हा नेम. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ; त्यांचे पुत्र बाजीराव; त्यांचे पुत्र पुन्हा बाळाजी. थोरल्या बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव. आणि त्यांचे पुत्र पुन्हा बाजीराव. नाव एक पिढी विश्रांती घेऊन परत कामावर रुजू होई. परंतु यात एक घरगुती अडचण होती. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही, आणि पोटच्या मुलाचे नाव तर तेच! मग आईने त्यास हाक मारावी कशी? यातून बाळ, बाबू, नाना, तात्या, अण्णा, अप्पा या हाकांची सोय झाली. लोकमान्यांचे नाव केशव. परंतु घरातील ‘बाळ’ हीच हाक पुढे सर्व हिंदुस्थानाच्या तोंडी झाली. मुलाचे खरे नाव घेण्याचीही आईस चोरी, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

धर्मशास्त्राचा नावांवर किती अंमल होता? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तुच्छतादर्शक असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात जिचे नाव नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे आहे अशी मुलगी वरू नये, असा निषेध आहे. यांपैकी दुसरी आज्ञा महाराष्ट्राने उघडउघड धाब्यावर बसविली. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी, तुळसा, रोहिणी, रेवती! मनूच्या म्हणण्याप्रमाणे चालते तर एका काळी निम्म्या महाराष्ट्राच्या मुली अविवाहित राहत्या. ज्या शास्त्रीमंडळींनी आपल्या घरी गंगा-यमुनांस सुना म्हणून आणताना शास्त्राकडे कानाडोळा केला, त्यांनीच पहिल्या आज्ञेची मात्र समाजाकडून शतकानुशतके अंमलबजावणी होऊ दिली. सोयीचे शास्त्र पाळावयाचे आणि गैरसोयीचे विसरावयाचे, ही आमची जुनी खोड येथेही दिसते.

ती अंमलबजावणी कशी होई हे पाहण्यासारखे आहे. देवाचे नाव कोणाही घरी ठेवले जाई; त्यास मज्जाव करणे गावास जमले नाही. म्हणून गावाने दुसरी युक्ती काढली. नाव एकच, पण हाक निराळी. गोविंद हेच नाव घ्या. भटजीच्या घरी तो गोविंदपंत, वतनदाराच्या घरी गोविंदराव, पेढीवर गोविंदशेट, शेतावर गोंदा, आणि गावकुसाबाहेर गोंद्या. मुलींतही एकीची भागीरथीबाई, दुसरीची भागी. म्हणजे नाव जरी देवाचे असले तरी त्याच्या शेवटच्या अक्षरावरून माणसाने कोठे बसावे, कोठे उभे राहावे, हे ठरत असे. पंत, राव, शेट, जी, बा, ऊ आणि या, ही नुसती शेपटे नव्हती. त्या समाजाच्या जिन्याच्या पायऱ्या होत्या.

नावांच्या फॅशनने, आमच्या मते, जर काही मोठे काम केले असेल तर ते हे की, तिने हा जिना मोडला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून छापखाना, शाळा, नाटक-कादंबऱ्या आणि बंगाली वाङ्मय यांच्या योगाने नावांचा एक नवाच पुरवठा सुरू झाला. देव आणि नद्या मागे पडून ऋतू, सूर्य, चंद्र व फुले पुढे आली : शरद, वसंत, दिनकर, प्रभाकर, सुधाकर, कुसुम, मालती, नलिनी, कमल, सुमन. मग राष्ट्रीय चळवळीने सुभाष, जवाहर, विजय आणि अशोक दिले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत सुनील, अनिल, दिलीप, प्रकाश व सुनीता, अनिता, वंदना, ज्योती यांचा इतका सुकाळ झाला की, शाळामास्तरांस हजेरी घेताना ‘उंच सुनील’ आणि ‘बुटका सुनील’ असे भेद करावे लागले. या नव्या नावांस जुनी शेपटे चिकटत नाहीत. राहुलपंत किंवा रोहितशेट कोणी म्हणत नाही, आणि नुसते ‘राहुल’ म्हटले तर तो कोणत्या आळीतला हे ऐकणारास कळत नाही. हे नकळणे म्हणजेच प्रगती होय.

आगरी समाजाचेच उदाहरण घ्या. चरी येथील १९३३ पासून सहा वर्षे चाललेल्या शेतकऱ्यांच्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील. आणि १९२६ साली जन्मलेले, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील म्हणजे दिनकर बाळू पाटील. बाप नागू, मुलगा नारायण. बाप बाळू, मुलगा दिनकर. एका पिढीत एवढे अंतर तुटले. तरी त्या ‘बा’ मध्ये बाळू पाटील अद्याप आहेत. आणि २०२१ साली नव्या मुंबईच्या विमानतळास हेच नाव असावे म्हणून या समाजाने जे प्रचंड आंदोलन केले, त्यात दिनकर या नावाबरोबर बाळू हे नावही मिरवले गेले, हे आम्हांस विशेष समाधानाचे वाटते. मोठे होण्यासाठी बापाचे नाव पुसावे लागत नाही.

याहूनही जाणीवपूर्वक बदल १९५६ च्या १४ ऑक्टोबरनंतर झाला. नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतरच्या पिढीच्या पाळण्यांतून सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, आनंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा, यशोधरा ही नावे उमटू लागली. ज्यांच्यासाठी स्मृतिकारांनी तुच्छतेचे नाव राखून ठेवले होते, त्यांनी अडीच हजार वर्षांच्या इतिहासातून स्वतःसाठी नावे निवडून घेतली. पुढे हीच नावे इतर समाजांनीही हौसेने उचलली. वरून खाली झिरपणारी फॅशन पुष्कळ पाहावयास मिळते. खालून वर गेलेली ही एक गोष्ट आमच्या समाजाच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

आता या फॅशनची चाल कशी असते तेही पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, एखादा नट, खेळाडू अथवा पुढारी प्रसिद्ध झाला म्हणजे त्याचे नाव पसरते. हे खरे आहे, पण अर्धेच. सचिन तेंडुलकर यांचे नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले गेले आणि पुढे तेंडुलकरांवरून किती सचिन झाले याची गणती नाही. परंतु अमेरिकेतील स्टॅन्ली लीबरसन या समाजशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, नावांची आवड बाहेरच्या घडामोडींवाचूनही आपल्या अंगच्या गतीने बदलत राहते. प्रत्येक पिढीस ओळखीचे पण किंचित निराळे असे काही हवे असते. आमच्याकडेही हेच दिसते. सुनीलच्या मागून सुशील, अनिताच्या मागून सुनीता. तन्मय, चिन्मय, मृण्मयी यांची एक माळ. शिवांश, अंश, रेयांश यांची दुसरी. निराळे नाव हवे म्हणून प्रत्येक आईबाप जे दुर्मिळ नाव शोधून आणतात, तेच शेजारच्याही आईबापांनी शोधलेले असते, आणि सहा वर्षांनी पहिलीच्या वर्गात एका बाकावर तीन आरव बसतात.

या चालीचा दुसरा नियम असा की, बापाच्या पिढीचे नाव शिळे वाटते, आज्याच्या पिढीचे जुनाट वाटते, आणि पणज्याच्या पिढीचे गोड वाटू लागते. सई हे शिवकालातील नाव आज पुन्हा कोवळे झाले आहे. माधव, राघव, रमा, मीरा ही परत आली. आज कोणी मुलाचे नाव दिलीप ठेवीत नाही. परंतु आणखी चाळीस वर्षांनी दिलीप आणि वंदना ही नावे कानास मोहक वाटतील, याविषयी आम्ही पैज लावण्यास तयार आहो. तेव्हा वृद्धांनी रागावू नये व तरुणांनी ओशाळू नये. कोणाचेही नाव कायमचे नामशेष होत नाही, ते थोडा वेळ सुट्टीवर जाते.

जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढण्याची चालही नव्या रूपात आली आहे. पूर्वी हे नावरस नाव पत्रिकेत राहत असे व व्यवहारात दुसरेच नाव चाले. आता ज्योतिषाने ‘चू, चे, चो, ला’ असे सांगितले की आईबाप भ्रमणध्वनीवर त्या अक्षराची नावे शोधीत बसतात. ज्यास हे करावयाचे त्याने करावे. सरकारने यात हात घालू नये असेच आम्ही म्हणू. फ्रान्ससारख्या स्वातंत्र्याच्या माहेरघरी १८०३ च्या कायद्याने पंचांगातील संतांची आणि प्राचीन इतिहासातील माणसांचीच नावे ठेवण्याची मुभा होती, आणि ते बंधन पुरते सुटण्यास १९९३ साल उजाडावे लागले. आमच्या कायद्याने असे बंधन कधी घातले नाही. आमच्याकडे बंधने घातली ती रूढीने; आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्यास न्यायालय नसते, म्हणून वर्तमानपत्राने ते काम करावयाचे.

रूढीने घातलेल्या बंधनांत सर्वांत क्रूर ते कोणते, हे आता सांगतो. ज्या घरी मुले जगत नसत त्या घरी पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरू असे मुद्दाम ठेवीत. यमास किंवा दृष्ट लावणारास वाटावे की हा धोंडा आहे, हा केर आहे, हा नेण्यासारखा नाही. नाव कुरूप, पण त्यामागे आईबापांची केवढी माया! शंभर वर्षे जगून भारतरत्न झालेल्या महर्षी कर्वे यांचे नाव धोंडोच होते. परंतु मुलींस जे कुरूप नाव दिले गेले त्यामागचा भाव नेमका उलटा. मुलावर मुलगा न होता पुन्हा मुलगी झाली म्हणजे तिचे नाव नकुशी, म्हणजे नकोशी. धोंडू हे नाव मृत्यूस फसवून मुलास ठेवून घेण्यासाठी. नकुशी हे नाव जन्मलेल्या मुलीस दार दाखविण्यासाठी. आणि ती हे नाव शाळेच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर, मैत्रिणींच्या तोंडी, रोज, जन्मभर ऐकणार.

ही पणजीच्या काळची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे जिल्हा प्रशासनाने एक समारंभ करून अशा २८५ मुलींस नवी नावे दिली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. त्या मुलींना विचारा की नावांची फॅशन ही क्षुल्लक गोष्ट आहे काय! ज्या नावास सुशिक्षित मंडळी ‘सिनेमातले नाव’ म्हणून हसतात, ते एका मुलीच्या अंगावरचा कलंक धुवून काढते. परंतु नाव बदलले म्हणून नजर बदलली असे मात्र नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या खानेसुमारीत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. नकुशी हे नाव लोपत असताना नकोशी मुलगी जन्मासच येऊ न देण्याची व्यवस्था चालू होती, असाच या आकड्यांचा अर्थ आहे. मुलीस नकुशी म्हणणारा निदान उघड बोलत होता. मुलीचे नाव ठेवण्याची वेळच येऊ न देणारा सुशिक्षित त्याहून अधिक दोषी होय.

आणि जी जगली, वाढली, जिचे नाव हौसेने सुंदर ठेवले, तिचे तरी ते नाव तिच्याजवळ राहते काय? कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन त्याच नावाने अमर झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई याही माहेरच्या यमुनाच. गोदूबाईंचे कर्व्यांशी लग्न होऊन आनंदीबाई झाले. मनू गोखले या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. ही सर्व घरे सुधारकांची! स्त्रीस पाटीवर अक्षर काढावयास शिकविणाऱ्या थोर पुरुषांनाही, तिने पहिले अक्षर काढावे ते स्वतःच्या नावाचे, ही गोष्ट सुचली नाही. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने नवे नाव लिहावयाचे, ही चाल आजही कित्येक घरी हौसेने पाळली जाते; तांदूळ हलले की अक्षरे पुसतात, पण त्या अक्षरांनी पुसलेले मूळ नाव परत येत नाही. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. जी आत्या हा मान बजावण्यास माहेरी येते तिचे स्वतःचे नाव सासरी बदललेले असते, याहून मोठा उपरोध तो कोणता?

हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही, हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो, आणि बाळकुमसारख्या गावातील वाचकांनी ते विशेष लक्षपूर्वक ऐकावे. जेथे एके काळी भात पिकत होते तेथे आज जमिनीस सोन्याचे मोल आले आहे. महाराष्ट्राच्या १९९४ च्या आणि त्यानंतर केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलग्याप्रमाणे जन्मतःच हक्क मिळाला आहे. आता सातबाऱ्यावर किंवा जुन्या वारसनोंदीत ‘मुलगी हिरा’ असे नाव असावे, आणि तीस वर्षांनंतर हक्क मागावयास आलेल्या बाईच्या सर्व कागदांवर अलका असे नाव व निराळे आडनाव असावे, म्हणजे हिरा तीच अलका हे शाबीत करण्याचा भार तिच्यावर पडतो. प्रतिज्ञापत्रे, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, साक्षीदार आणि ‘उर्फ’ या एका शब्दावर तिचा सारा हक्क लोंबकळत राहतो. भावास यांतील काहीच करावे लागत नाही; तो जन्मला त्या नावानेच वारस होतो. कोणताही कायदा विवाहामुळे स्त्रीस नाव बदलण्यास भाग पाडीत नाही. तरी लोक समजतात की, नाव बदलले नाही तर लग्न कच्चे राहते! ज्या बापाने मुलीस हुंड्याऐवजी हक्क द्यावयाचा आहे, त्याने लग्न ठरविताना एवढीच अट घालावी की, मुलीचे नाव बदलावयाचे नाही.

आईच्या नावाबाबत सरकारने एक पाऊल उचलले आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग बापाचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने सक्तीचा केला. नावाच्या ओळीत दोन पिढ्या असतात असे आम्ही वर म्हटले. परंतु त्या दोन पिढ्यांत आजवर स्त्रीस जागा नव्हती. ती आता मिळाली. ओळ फार लांबली, फॉर्मावर मावत नाही, अशी कुरकूर आम्ही ऐकली आहे. जी नऊ महिने बाळास वागविते तिच्या तीन अक्षरांस कागदावर जागा होत नसेल, तर कागद मोठा करावा. मात्र त्याच निर्णयात विवाहित स्त्रीने स्वतःच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लावण्याची चालत आलेली पद्धत तशीच ठेवली आहे. मुलाच्या नावात आई आली, पण आईच्या नावात तिची आई अद्याप आलेली नाही. सरकारने अर्धी वाट चालून दाखविली. उरलेली समाजाने चालावयाची.

कोणी म्हणतील, पहिल्या नावातून जात गेली असे तुम्ही म्हणता, पण आडनाव आहेच की! आक्षेप रास्त आहे. नव्या नावाचा तरुण भाड्याची खोली पाहावयास गेला की घरमालक नाव ऐकून हसतो आणि लगेच ‘पुढे काय?’ असे विचारतो. पंत, राव व शेट ही शेपटे गळाली, पण त्यांचे काम आडनावाने आपल्या अंगावर घेतले. सरकारने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचे ठरविले, तेही अशाच एका शेपटाचे उच्चाटन होते. आडनावे कायद्याने काढून टाकावी असे आमचे मत नाही. मात्र ‘पुढे काय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याची त्यास सोडता येते. दुकानदाराने गिऱ्हाइकास आणि शिक्षकाने विद्यार्थ्यास पहिल्या नावाने, ‘अहो’ लावून, हाक मारण्यास काही खर्च येत नाही.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. जन्म व मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. नाव तेव्हा ठरले नसेल तर चिंता नाही. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते व पुढे विलंबशुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. परंतु ‘पाहू, करू’ म्हणून कित्येक घरी दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहते, आणि मुलगा परदेशी जाण्यास निघाला म्हणजे धावाधाव सुरू होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्या दिवसापासून जन्मलेल्यांस शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, पारपत्र, विवाहनोंदणी अशा सर्व कामी जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा केला आहे. बारशास हॉल, मांडव, फुगे आणि छायाचित्रकार यांवर जो खर्च होतो त्याच्या मानाने महापालिकेत जाण्याचा खर्च काहीच नाही. दुसरी गोष्ट अशी की, मराठीत लिहिलेले आणि इंग्रजीत लिहिलेले नाव सर्व कागदांवर एकाच तऱ्हेने लिहावे. एका अक्षराच्या फरकाने अडलेल्या पेन्शनी व वारसा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

मुलाचे नाव विवान ठेवा अथवा विठ्ठल ठेवा. त्यात आम्ही नावे ठेवणार नाही. दर पिढीने आपल्या आवडीचे नाव ठेवावे, आणि पुढच्या पिढीने त्यास हसून स्वतःचे निराळे ठेवावे, हा क्रम असाच चालावा. परंतु तीन गोष्टी प्रत्येक घराने मनाशी बांधाव्या. कोणत्याही मुलीस तिच्या जन्माची लाज तिच्या नावातून वाटता कामा नये. कोणासही हाक मारताना त्याची पायरी दाखवू नये. आणि पाळण्यात ज्या मुलीचे नाव इतक्या हौसेने ठेवले, तिचे नाव मांडवात काढून घेऊ नये. गोग्गी आणि झंझ यांची नावे ताम्रपटावर कोरली गेली म्हणून हजार वर्षे राहिली. आमच्या मुलींची नावे राहण्यास ताम्रपट नको. लग्नाच्या दिवशी ती जशीच्या तशी राहू दिली म्हणजे पुरे.